इफेक्ट गाण्याच्या मध्येच चालू, मध्येच बंद: ऑटोमेशन नीट समजून घेऊया

मागच्या पावसाळ्यात आम्ही चार-पाच जणांनी मिळून एक छोटी श्रुतिका रेकॉर्ड केली, कर्वेनगरला माझ्या घरीच, कपाटाची दारं उघडी ठेवून त्यावर गोधड्या टाकल्या आणि मधे माइक उभा केला. त्यात एक सीन होता, मुलगी पुण्यात होस्टेलवर आणि आई साताऱ्याला, दोघी फोनवर बोलतायत. सुरुवातीला ऐकणारा मुलीच्या खोलीत आहे, म्हणजे आईचा आवाज फोनमधून यायला हवा. मग आईच्या एका वाक्याच्या अर्ध्यातच आपण तिच्या स्वयंपाकघरात जातो, तिथे तिचा आवाज एकदम भरलेला, समोर बसल्यासारखा. आणि थोड्या वेळानं परत होस्टेलवर. आईची भूमिका करणाऱ्या मावशींनी सगळं एका दमात बोलून दिलं होतं, एकच टेक, एकच ट्रॅक, आणि इतका सुंदर की तो तोडायची माझी इच्छाच नव्हती. म्हणजे काय, तर फोनचा इफेक्ट चालू, मग वाक्याच्या मध्येच बंद, मग परत चालू.

पहिल्यांदा हे करणारे बरेचजण गाणं वाजत असताना माउसनं प्लगइनचं, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकवर बसवलेल्या इफेक्टचं, चालू-बंदचं बटण दाबतात, ऐकायला छान वाटतं, मग फाइल बाहेर काढतात आणि त्यात काहीच झालेलं नसतं, कारण सॉफ्टवेअरनं ते दाबणं कुठे लिहूनच ठेवलेलं नाही. ते लिहून ठेवणं म्हणजे ऑटोमेशन. नाटकात लाईट ऑपरेट करणाऱ्याकडे क्यू लिहिलेली संहिता असते ना, अमुक वाक्यावर निळा फेड इन, तमुक वाक्यावर ब्लॅकआउट, तसंच हे, फक्त हा ऑपरेटर प्रत्येक प्रयोगाला अगदी तिथेच हात हलवतो. पूर्वी मोठ्या स्टुडिओत सुद्धा ही कामं हातानंच व्हायची, मिक्सिंग कन्सोलपुढे दोन-तीन माणसं उभी, प्रत्येकाकडे ठरलेले फेडर आणि बटणं, गाणं सुरू झालं की ज्याचा त्याचा क्यू ज्यानं त्यानं घ्यायचा, आणि एकाचा चुकला की सगळं पहिल्यापासून.

आता हे बटण रेकॉर्डिंगच्या वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये सापडतं कुठे. रीपरमध्ये ट्रॅकवर एन्व्हलपचं, म्हणजे ऑटोमेशनच्या रेषेचं, बटण आहे, ते दाबलं की त्या ट्रॅकवरच्या प्रत्येक प्लगइनच्या प्रत्येक नॉबची यादी येते आणि त्यातच बायपास आणि वेट, म्हणजे इफेक्ट किती मिसळायचा, अशा दोन ओळी असतात. एबलटन लाइव्हमध्ये ए दाबायचं, डिव्हाइस म्हणजे तो इफेक्ट निवडायचा आणि त्यात 'डिव्हाइस ऑन' घ्यायचं. लॉजिकमध्येही ए दाबून ऑटोमेशन उघडतं आणि ट्रॅकवरच्या मेन्यूतून त्या प्लगइनचा बायपास निवडता येतो, क्यूबेसमध्ये इन्सर्टचा बायपास, प्रो टूल्समध्ये त्याला मास्टर बायपास म्हणतात आणि तो आधी त्या प्लगइनच्या ऑटोमेशनच्या यादीत घालावा लागतो. नाव वेगळं, काम तेच, ट्रॅकवर एक रेष दिसते आणि तिच्यावर पॉइंट टाकून ती वरखाली करायची. फक्त एक गोष्ट सगळ्यांना सुरुवातीला अडवते, बायपास म्हणजे इफेक्टला वळसा घालून आवाज पुढे जाणे, म्हणजे बायपास चालू तेव्हा इफेक्ट बंद. एबलटनमध्ये याच्या उलट, डिव्हाइस ऑन म्हणजे खरंच ऑन. त्यामुळे रेष वर म्हणजे काय आणि खाली म्हणजे काय हे एकदा वाजवून बघा आणि मगच पुढचे पॉइंट टाका.

आणि ही रेष सरळ जिना असते, उतार नसतो. चालू-बंदला मधलं काही नाही, पाऊण चालू असं नसतं. तुम्ही दोन पॉइंटमध्ये तिरकी रेष काढलीत तरी ती कुठल्यातरी एका जागी उडी मारणारच, मग ती जागा आपणच ठरवलेली बरी, म्हणून पॉइंटचा आकार चौकोनी म्हणजे स्क्वेअर करून टाकायचा.

इथपर्यंत सोपं आहे. मी पण हे सगळं केलं, फाइल बाहेर काढली, ग्रुपवर टाकली, आणि दहा मिनिटांत दिग्दर्शन करणाऱ्या मैत्रिणीचा फोन, की आई 'अगं पण तू जेवलीस का' म्हणते तिथे 'पण' च्या मध्ये टक् असा बारीक आवाज येतोय. हेडफोन घालून ऐकलं तर खरंच, नखानं टेबलावर मारावं तसा टक्. स्पीकरवर पावसाच्या आवाजात मला तो ऐकूच आला नव्हता.

हा टक् येतो कुठून हे कळलं की अर्धं ऑटोमेशन कळलं असं मी म्हणेन. कॉम्प्युटरमधला आवाज म्हणजे एका मागोमाग एक आकडे, ४८,००० हर्ट्झला रेकॉर्ड केलं असेल तर एका सेकंदाला ४८,००० आकडे, आणि ते सगळे मिळून एक वरखाली जाणारी लाट काढतात. फोनचा इफेक्ट म्हणजे मुळात दोन फिल्टर, खालचं सगळं कापायचं आणि वरचं सगळं कापायचं, जुन्या टेलिफोन लाइनवर साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज जायचा तोच पट्टा ठेवायचा. आता फिल्टर केलेली लाट आणि मूळ लाट या एकाच क्षणी एकाच उंचीवर नसतात, मूळ लाटेत खर्जाचा मोठा झोका असतो जो फिल्टरनं काढून टाकलाय. बटण पडलं की स्पीकरचा पडदा एका आकड्यावरून पुढच्याच आकड्याला इकडून तिकडे फेकला जातो, आणि असा अचानक धक्का म्हणजे कानाला टक्. 'पण' मधला अ गळ्यातून येणारा स्वर आहे, लाट मोठी, म्हणून धक्काही मोठा.

उपाय दोन आहेत आणि मी दोन्ही वापरतो. पहिला म्हणजे बायपासला हातच लावायचा नाही, त्याच्याऐवजी वेट किंवा मिक्स नावाचा नॉब ऑटोमेट करायचा, जो शंभर टक्के म्हणजे पूर्ण इफेक्ट आणि शून्य म्हणजे कोरडा मूळ आवाज, आणि शंभरावरून शून्यावर यायला ५ ते १० मिलिसेकंद द्यायचे. ५ मिलिसेकंद म्हणजे ४८,००० ला २४० आकडे, तेवढ्यात लाट एकीकडून दुसरीकडे सरकते, फेकली जात नाही, आणि ऐकणाऱ्याला मात्र ते एकदम बदलल्यासारखंच वाटतं. एफएल स्टुडिओत मिक्सरच्या प्रत्येक स्लॉटला असा मिक्सचा नॉब असतो, त्यावर राइट क्लिक करून ऑटोमेशन क्लिप बनवता येते.

दुसरा उपाय म्हणजे जागा बदलणे, आणि यात मराठी बोलण्याचा फार उपयोग होतो. क, ट, त, प, च ही व्यंजनं म्हणताना आपण तोंडात हवा पूर्ण अडवतो आणि मग सोडतो, त्या अडवण्याच्या वेळात माइकवर जवळजवळ शांतता असते, वेव्हफॉर्म झूम करून बघितलंत तर रेष चक्क आडवी झालेली दिसेल. शांततेत बटण पडलं की धक्का बसायला लाटच नाही. आणि स, श च्या सळसळीत बारीकसा टक् आला तरी तो झाकला जातो. त्यामुळे आईच्या वाक्यात मी बदल 'पण' च्या मधून उचलून 'प' च्या आधीच्या बंद ओठांवर नेला, सेकंदाच्या छोट्याशा भागाचा फरक, आणि टक् गेला. शिवाय बोलण्याच्या दृष्टीनंही ते बरं वाटायला लागलं, कारण शब्द अख्खा स्वयंपाकघरात आला.

लेटन्सीचं, म्हणजे आवाजाला होणाऱ्या उशिराचं, थोडक्यात सांगतो, कारण यावर लोक उगाच तासन्‌तास घालवतात. काही प्लगइनना आवाज पुढचा थोडा आधी बघावा लागतो, लिनिअर फेज ईक्यू (ईक्यू म्हणजे खर्ज-तार कमीजास्त करणारा इफेक्ट), लुकअहेड असलेला लिमिटर, काही नॉइज काढणारी प्लगइन. त्यांच्यामुळे आवाजाला उशीर होतो आणि सॉफ्टवेअर बाकीचे सगळे ट्रॅक तेवढेच थांबवून सगळं जुळवून घेतं. ४,८०० आकड्यांचा उशीर म्हणजे ४८,००० ला १०० मिलिसेकंद, चांगलाच. आता असं प्लगइन मध्येच बंद केलं आणि त्यानं 'माझा उशीर आता शून्य' असं सांगितलं, तर सॉफ्टवेअरला चालत्या गाण्यात सगळा हिशोब परत मांडावा लागतो, मग खाच पडते नाहीतर ताल सरकतो. काही प्लगइन बायपास असतानाही तोच उशीर पाळतात, ती शहाणी. व्हीएसटी३ मध्ये, म्हणजे स्टाइनबर्गनं १९९६ ला आणलेल्या व्हीएसटी या प्लगइनच्या प्रकाराची २००८ मधली पुढची आवृत्ती, प्लगइनला स्वतःचा बायपास देता येतो, त्यामुळे कधीकधी यादीत दोन बायपास दिसतात, एक प्लगइनचा आणि एक सॉफ्टवेअरचा. दोन्ही वाजवून बघा, जो शांतपणे बदलतो तो ठेवा. आणि अशा प्लगइनचं मिक्स अर्ध्यावर नेऊन आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा झाला तर समजा की कोरडा आवाज आणि इफेक्टचा आवाज आतमध्ये वेळेला जुळत नाहीयेत, ते प्लगइन या कामाला घेऊ नका. सीपीयू वाचवायला म्हणून बायपास ऑटोमेट करणारे पण बघितलेत, त्याचा भरवसा नाही, बायपास असलेलं प्लगइन आत काम करतच असू शकतं, त्यासाठी ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे इफेक्टसकट तयार ऑडिओ करून ठेवा.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. इफेक्ट दोन जातीचे असतात. एकांना आठवण नसते, दुसऱ्यांना असते. ईक्यू, फिल्टर, डिस्टॉर्शन हे आत्ता समोर आलेल्या आवाजाचं काहीतरी करतात आणि जवळपास लगेच विसरतात, यांना चालू-बंद करणं म्हणजे वर सांगितलेला टक् सांभाळला की झालं. पण रिव्हर्ब, म्हणजे जागेची घुमण, आणि डिले, म्हणजे प्रतिध्वनी, यांच्या पोटात मागचा आवाज साठलेला असतो, तोच तर त्यांचा धंदा आहे. रिव्हर्ब तीन सेकंदांचा लावला असेल तर आत्ता तुम्हाला ऐकू येतोय त्यात तीन सेकंदांपूर्वीच्या शब्दाचा शेवट पण आहे. अशा इफेक्टचं बटण ओळ संपल्याबरोबर बंद केलं की देवळाच्या गाभाऱ्यात गाणाऱ्या माणसाला उचलून क्षणात गाद्यांच्या दुकानात ठेवल्यासारखं होतं, शेपूट कचकन तुटतं. आणि त्याहून वाईट म्हणजे काही प्लगइन बंद होताना पोटातलं तसंच गोठवून ठेवतात, मग एका मिनिटानंतर परत चालू केलं की कडव्याच्या सुरुवातीलाच मागच्या कडव्याची शेवटची ओळ भुतासारखी बाहेर येते.

म्हणून आठवण असलेल्या इफेक्टला चालूच ठेवायचं आणि त्याच्या आधीचं दार उघडबंद करायचं. ते दार म्हणजे सेंड. रिव्हर्ब किंवा डिले वेगळ्या बसवर, म्हणजे फक्त त्या इफेक्टसाठीच्या वेगळ्या ट्रॅकवर, ठेवा, शंभर टक्के वेट, आणि गाण्याच्या ट्रॅकवरून तिकडे किती आवाज पाठवायचा त्या सेंडचं ऑटोमेशन करा. नळ आणि बादलीसारखं आहे, नळ बंद केला तरी बादलीत पडलेलं पाणी तळाच्या भोकातून आपलं हळूहळू वाहतच राहतं. आत जाणारं थांबलं, बाहेर येणारं आपल्या गतीनं संपतं, आणि तेच आपल्याला हवं असतं.

गाण्यांमध्ये ओळीचा एकच शेवटचा शब्द घुमत दूर जातो, बाकी ओळ कोरडी, ते असंच करतात, याला डिले थ्रो म्हणतात. आमच्याकडे एका मित्राची बहीण गाते, तिच्या गाण्याचं टेम्पो ९० होतं, म्हणजे एक मात्रा ६०,००० भागिले ९०, साधारण ६६७ मिलिसेकंद, डिले त्यावर ठेवला आणि सेंड पूर्ण गाण्यात तळाला, फक्त ध्रुवपदातल्या 'दूर' या शब्दापुरता वर. दारही अगदी शब्दाच्या कडेला उघडायचं नाही, 'द' च्या थोडं आधी उघडायचं आणि 'र' संपून गेल्यावर बंद करायचं, नाहीतर प्रतिध्वनीत 'ऊर' एवढंच येतं. हे करताना एक तास गेला, पण तो शब्द पुढच्या ओळीच्या मागे तीनदा फिकट होत गेला तेव्हा ती स्वतःच म्हणाली, आता गाणं माझं वाटतंय.

कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबणारा इफेक्ट, दोन्हीच्या मधला. त्यालाही आठवण असते पण छोटी, आत्तापर्यंत आवाज किती मोठा होता त्यावरून तो किती दाबायचं ते ठरवतो. ओळीच्या मध्ये चालू केलात तर तो शून्यापासून जागा होतो आणि अटॅक, म्हणजे दाबायला लागणारा वेळ, २० मिलिसेकंद असेल तर तेवढा वेळ पहिलं अक्षर न दाबता अंगावर येतं. श्वासाच्या जागी चालू करा, किंवा चालूच ठेवून थ्रेशोल्ड, म्हणजे किती मोठ्या आवाजापासून दाबायचं ती मर्यादा, वरखाली करा. मी थ्रेशोल्डच हलवतो.

ऑटोट्यूनबद्दल मला जरा मोकळेपणानं बोलायचंय कारण आपल्या गाण्यांचं यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. १९९७ ला अँटारेसनं हे प्लगइन आणलं, आणि ते मुळात सूर ठरलेल्या पट्टीतल्या जवळच्या स्वरावर ओढून नेतं. ठेहरावाच्या सुराला ते चालतं. पण आपल्याकडे गाणं बरंचसं सुरांच्या मधल्या जागेत असतं, मींड घेताना गायिका ग वरून प कडे सरकते तेव्हा मधल्या प्रत्येक श्रुतीवर ती क्षणभर असते, आणि ऑटोट्यून त्या सरकण्याचा जिना करून टाकतो, ग, म, प, टप टप टप. भावगीत ऐकताना 'काहीतरी प्लास्टिक वाटतंय' असं जे वाटतं ते बऱ्याचदा हेच. मग लोक मींडेवर बायपास टाकतात, विचार बरोबर आहे, पण ज्या क्षणी बटण पडतं त्या क्षणी प्लगइननं सूर थोडा ओढलेला असतो, तो एकदम मूळ जागी परत पडतो आणि मींडेच्या तोंडाशी एक उचकी लागते. याला सुद्धा बटण नको. रिट्यून स्पीड नावाचा नॉब असतो, किती मिलिसेकंदांत सूर ओढायचा तो, तो ऑटोमेट करा, लांब सुरावर जरा वेगात, आणि मींड, मुरकी, हरकत आली की आधीच हळूहळू मोकळा सोडा. तिरक्या रेषेनं, उडी न मारता. यासाठी गाणं माहीत असावं लागतं, कुठे बेसूर आहे आणि कुठे मुद्दाम घेतलेली जागा आहे हे पडद्यावर दिसत नाही, गायकाला शेजारी बसवा आणि विचारा.

माउसनं पॉइंट टाकायच्या ऐवजी गाणं वाजवत नॉब फिरवून पण ऑटोमेशन लिहिता येतं, त्याचे मोड असतात. रीड म्हणजे लिहिलेलं फक्त वाचायचं. टच म्हणजे हात लावलाय तोवर लिहायचं, सोडलं की जुन्या रेषेवर परत. लॅच म्हणजे सोडल्यावरही तिथेच राहायचं. आणि राइट म्हणजे वाजायला लागल्यापासून जे आहे ते सगळं पुसून नवीन लिहायचं, हात लावला नाही तरी. राइट मोडवर ट्रॅक विसरून चहा करायला गेलात तर दोन दिवसांचं काम प्लेबॅकमध्ये पुसलं जातं. काम झालं की रीडवर आणायची सवय लावा.

आणि हे पण सांगून टाकतो की कित्येकदा ऑटोमेशनची गरजच नसते. फोनचे तुकडे मोठे असतील, एकेक मिनिटाचे, तर ट्रॅकची कॉपी करा, एकावर फोनचा इफेक्ट कायमचा, दुसरा कोरडा, आणि क्लिप कापून ज्या त्या ट्रॅकवर ठेवा, जोडावर ५-१० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड, म्हणजे एक विरताना दुसरा वर येईल असा. डोळ्याला लगेच दिसतं काय कुठे आहे, सहा महिन्यांनी उघडलं तरी कळतं, आणि ऑडॅसिटीसारख्या साध्या सॉफ्टवेअरमध्येही हे जमतं. फक्त फोनचा आवाज खर्ज कापल्यामुळे बारीक वाटतो, तो दोन-तीन डेसिबल वर घेऊन कोरड्या आवाजाच्या जवळ आणा, नाहीतर दर बदलाला ऐकणाऱ्याचा हात व्हॉल्यूमवर जाईल.

श्रुतिकेचा शेवटचा सीन मात्र कॉपी करून जमण्यासारखा नव्हता. मुलगी होस्टेलची खिडकी उघडते आणि बाहेर ढोल-ताशा पथकाची तालीम चाललीये. नदीपात्रात गणपतीच्या आधी जी प्रॅक्टिस चालते ती आम्ही पुलावरून संध्याकाळी रेकॉर्ड करून आणली होती. मी आधी लो-पास फिल्टर लावला, ५०० हर्ट्झच्या वरचं सगळं बंद, आणि खिडकीच्या कडीच्या आवाजावर बायपास. टक् नाही, वेळ बरोबर, तरी खोटं वाटत होतं, टीव्हीचं चॅनल बदलल्यासारखं. मग वेट हळू फिरवून बघितला तर मधे आवाज पोकळ झाला, गाळलेला आणि न गाळलेला ढोल एकमेकांना खात होते. शेवटी फिल्टर कायम चालू ठेवला आणि त्याची फ्रीक्वेन्सीच ऑटोमेट केली, ५०० पासून १८,००० पर्यंत, पाऊण सेकंदात, सोबत आवाज सहा डेसिबल वर. खऱ्या खिडकीत पण असंच होतं, काचेतून ढोलाची धम्म आत येतच असते, ताशाची कडकड तेवढी बाहेर अडकते. तर आता आधी फक्त भिंतीतून येणारा ढोल, मग कडीचा आवाज, मग बिजागरी, आणि पल्ला जसा सरकतो तसा ताशा एकेक टिपरी करत खोलीत येतो. मैत्रिणीनं एकच बदल सांगितला, रेष कडीच्या आवाजावर सुरू होतेय ती बिजागरीवर ने, कडी निघाली म्हणजे खिडकी उघडली असं नाही. नेली, आणि त्या रात्रीच फायनल फाइल बाहेर काढली.